मुकं औषध

माझ्या आईचा स्वभाव फार गोड होता, असं तिच्या तेराव्याला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायची आपल्याकडे सूट असते, म्हणून मी पत्रावळी मांडत राहिले. आई तिखट होती. मोडेन पण वाकणार नाही, या जातीची. तिचं नाक आणि तिचा राग दोन्ही माझ्याकडे आले आहेत, तेव्हा हे लिहिताना मी तिला सांभाळून घेईन असं कुणी समजू नये.

आमचं गाव करावेच्या जवळ, खाडीला लागून. मी कॉलेजात होते तेव्हा सरकारनं नव्या शहरासाठी शेतं आणि मिठागरं घेतली. मी नोकरीला लागले तोवर गावाच्या तिन्ही बाजूंना भराव पडून रस्त्यांच्या रेघाही मारून झाल्या होत्या. वडील नव्हते. भावाकडं खाडीतली मासेमारी तेवढी उरली होती, आई ती मासळी बाजारात विकायची. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले.

माझं काम कच्चा माल तपासायचं. गोळीत जाणाऱ्या पावडरीत शिशासारखा जड धातू नाही ना, हे बघायचं. पावडर विरघळवायची, काचेच्या उंच नळीत ओतायची आणि त्यात कुजक्या अंड्यांच्या वासाचं, हायड्रोजन सल्फाइडचं पाणी घालायचं. शिसं असलं की नळी काळवंडते. तो वास साबणानं जात नाही. संध्याकाळी मी उंबऱ्यात पाय ठेवला की आई पदर नाकाला लावून म्हणायची, "आली बग आमची कुजकी अंडी. हिला कोन नवरा मिलनार हाय!" जिच्या स्वतःच्या अंगाला जन्मभर सुक्या बोंबलाचा वास होता ती बाई हे म्हणायची.

घरात आईची सत्ता होती, आणि त्या सत्तेचं मूळ गावाच्या वेशीवर होतं. तिथं आमची देवी होती. कमरेइतकी उंच शिळा, तिच्यावर शेंदूर आणि तेलाचे लेपावर लेप, इतके की ना डोळे दिसत ना नाक. तो शेंदूर चढवायचा मान आमच्या घराचा. आजेसासूकडून सासूकडं, सासूकडून आईकडं आलेला. गावात कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाची होडी अडकली, तर माणसं आधी आईकडं यायची. सरपंचाच्या बायकोलाही आईपुढं वाकावं लागायचं, आणि वाकलेली सरपंचाची बायको बघायला आईला मनापासून आवडायचं.

नव्या रस्त्याची रेघ नेमकी देवीवरून गेली. त्याच सुमारास मुंबईच्या एका कॉलेजातले पुरातत्त्वाचे प्राध्यापक गावात आले. शिळा जुनी निघाली तर रस्ता वळवायला सरकारला सांगता येईल, पण त्यासाठी शेंदूर उतरवून बघावं लागेल, असं ते म्हणाले. गावकी बसली. आई उठून उभी राहिली आणि सगळ्यांच्या आधी हो म्हणाली. "उतरवा. मी जलमभर तिची सेवा केली, तिचं तोंड नाय बगितलं. दिसू दे सगल्यांना."

मी लॅबमध्ये आहे हे कळल्यावर प्राध्यापकांनी लेपाची एक खपली माझ्याकडं दिली. खपलीच्या कडेवर पापडाच्या लाटीसारखे थरावर थर दिसत होते. मी तेलकटपणा धुऊन काढला, तांबड्या भुकटीवर नायट्रिक ॲसिड घातलं, ती चॉकलेटी झाली. वरचं पाणी गाळून पोटॅशियम आयोडाइड टाकलं तर हळदीसारखा पिवळा साका खाली बसला. शिसं. अस्सल जुना शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. प्राध्यापक खूश झाले, मीही झाले. शिकल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी आईला म्हटलं, "शेंदूर चढवलास की हात साबणानं धुवत जा. शिसं असतं त्यात."

"तुजं शिकलेपन कंपनीत ठेवून येत जा," आई म्हणाली.

शेंदूर उतरवायला प्राध्यापक कसली कसली द्रावणं, कापसाचे बोळे आणि बांबूच्या काड्या घेऊन आले. अमोनियाच्या वासानं बायका लांब सरकल्या. लेप भिजला, सुटला, आणि मग तळहाताएवढ्या, ताटलीएवढ्या खपल्या गळून पडायला लागल्या. देवीचं असं कवच गळालं की ते पवित्र मानतात, म्हणून आई पदर पसरून बसली होती. वर कोरलेले चंद्र-सूर्य निघाले. मधे झिजलेली अक्षरं निघाली. प्राध्यापकांनी खालचा भाग पुसला आणि त्यांचा हात थांबला. खाली एक बाई होती आणि तिच्यावर चढलेलं गाढव.

मागून एक पुरुष हसला, आणि त्यानंतर सगळेच हसले.

प्राध्यापक बिचारे घाम पुसत समजावत होते. जुन्या राजानं जमीन दान दिली की असा दगड उभारत. हे दान जो मोडेल त्याच्या आईची अशी गत होवो, अशी त्यावर शिवी कोरत. याला गधेगाळ म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीनं हा फार मोलाचा दगड आहे. गावाला मोलाशी घेणं नव्हतं. जमिनी तर सगळ्यांनीच दिल्या होत्या, म्हणजे शिवी सगळ्यांनाच लागू होती, पण एवढा विचार करतो कोण? आईसारखी आयती सापडलेली असताना गावानं तिच्यावरच भागवलं. ती मासळी घेऊन बसली की बाजारातून कुणीतरी गाढवासारखं ओरडायचं. सरपंचाच्या बायकोनं पापलेट उलटंपालटं करून विचारलं, "काय गं, गारवाला निवद काय दाखवायचीस?" आईनं कोयता उचलला होता, पण चालवला नाही. मला वाटतं तो चालवला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

दगड एका टेम्पोतून कुठल्याशा संग्रहालयात गेला आणि रस्ता व्हायचा तो झालाच. आई दोन-तीन आठवडे गप्प होती. मग एके दिवशी जेवताना तिनं तिचा निकाल दिला. "दगडात गारव व्हता. देवीआई कवचात व्हती. आपली अब्रू झाकायला ती त्याच्यावर बसली व्हती, आनि तुमी तिला सोलून काडलीत." पदरातून आणलेल्या खपल्या तिनं एका मडक्यात भरून देव्हाऱ्याखाली ठेवल्या होत्या. रोज त्या मडक्याला फूल वाहायला लागली. मला बाईची कीव आली. म्हटलं, मडकं तर मडकं. कुणाचं काय जातंय?

घरात लहान मूल एकच, भावाचा मुलगा. नुकता बोलायला लागलेला, मला "आत्ता" म्हणायचा आणि लॅबच्या वासासकट येऊन बिलगायचा. त्या पावसाळ्यात तो किरकिरा झाला. पोट धरून ओरडायचा, खाल्लेलं ओकायचा, अंगावरच्या दुधाशिवाय काही घ्यायचा नाही. मग पांढरा पडला. चालता चालता बसायला लागला. शब्द एकेक करून कमी झाले, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की हा मला हाक मारत नाही.

आईला कारण लगेच सापडलं. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. "हिचं दूद इखारी हाय," ती वहिनीकडं बोट दाखवून शेजारणींना सांगायची. वहिनी पेणकडच्या खेड्यातली, कमी बोलणारी, आल्यापासून आईचा प्रत्येक शब्द खाली मान घालून ऐकणारी. ती ऐकून घ्यायची आणि मोरीत जाऊन रडायची. दगड निघाला तेव्हापासून आईपुढं वाकायला माणूस मिळत नव्हतं. घरातच एक होतं. "पोर जरा बरं झालं की हिला म्हायेरी धाडते. पोर आमचं, ते हितंच र्‍हाईल," असं आई भावाच्या तोंडावर म्हणाली आणि भाऊ जाळ्याची गाठ मारत राहिला. माझा भाऊ हा गाठ मारत राहणारा माणूस होता. तो कधी बायकोच्या बाजूनं बोलला असता तर मी हे त्याच्याबद्दल लिहिलं नसतं.

मीच वहिनीला आणि पोराला घेऊन खाडीपुलावरून मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोराची हिरडी उलटी करून बघितली, तिथं निळसर काळी रेघ होती. गुडघ्याचा एक्सरे काढला. हाडाच्या टोकाशी खडूनं ओढावा तसा पांढरा पट्टा.

"शिसं आहे," ते म्हणाले. "वाढत्या हाडात बसलंय. घरात बॅटऱ्या फोडता का? रंगाचा धंदा आहे?"

शिसं! दिवसभर मी लोकांच्या गोळ्यांमधलं शिसं शोधत होते. मला भर दवाखान्यात ओरडावंसं वाटलं.

पोराला दाखल करून घेतलं. शिसं धरून लघवीतून बाहेर काढणारं इंजेक्शन होतं. ते फार दुखायचं आणि पोरगं सुई दिसली की आवाज न करता तोंड वाकडं करायचं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं निघेल, हाडातलं वर्षानुवर्षं राहील, आणि मेंदूचं काय झालंय ते कळायला वेळ लागेल. पण हे कुठून येतंय ते आधी शोधा, नाहीतर मी काढतो आणि तुम्ही भरता.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा भाऊ पहिल्यांदा उठला. पागायच्या, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याला खाली शिशाच्या गोळ्या असतात; तो त्या घरातच ओतायचा, पोर त्यांच्याशी खेळायचं. त्यानं जाळी उचलली आणि गोळ्यांसकट खाडीत फेकून दिली. पोट भरायचं साधन गेलं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ती झालीच. कारण त्या गोळ्यांवरून पोराचा हात फिरला तरी एवढं शिसं पोटात जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे कोणीतरी खाऊ घातल्यासारखं आहे, असंही म्हणाले.

हे ऐकून आईला चेव आला. "मी सांगतंय ना, दूद!"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वहिनीनं माझ्या हातात एक छोटी बाटली ठेवली. पडद्यामागं जाऊन तिनं स्वतःचं दूध पिळून काढलं होतं. "तुमच्या कंपनीत बगा," ती म्हणाली. "इख निघालं तर मी आपनच जाईन. पोराला बगायला येनार नाय." माझ्या आईचा मला जेवढा राग त्या क्षणी आला तेवढा आधी कधी आला नव्हता, आणि आधीही कमी आलेला नव्हता.

मी घरातलं दिसेल ते लॅबमध्ये नेलं. विहिरीचं पाणी, हळद, मसाला, पोराची वाटी आणि चमचा धुतलेलं पाणी, आणि ते दूध. देव्हाऱ्याखालचं मडकं पूजेचं, ते कुणाच्या तोंडात जाईल असं माझ्या मनातही आलं नाही. सुटीच्या वेळात मुशीत जाळायचं, राख ॲसिडात घ्यायची, नळीत ओतायची. दुधाची नळी नितळ राहिली. पाण्याची, हळदीची, मसाल्याची, वाटीची नितळ. चमच्याची तपकिरी झाली. घरी जाऊन मी चमचा जिथं ठेवतात तिथं बघितलं. बाजूला बाळगुटी उगाळायची सहाण होती, तिच्या खड्ड्यात पुसटशी तांबूस झाक. सहाण धुऊन ते पाणी नेलं. हायड्रोजन सल्फाइडचे थेंब पडले आणि नळी शाईसारखी काळी झाली.

मी कारखान्याचा कोट न काढताच घरी आले. आई देव्हाऱ्यापुढं होती. मी देव्हाऱ्याखालचं मडकं ओढलं. अर्ध्याहून जास्त रिकामं होतं.

"पोराला हे देत होतीस?"

तिनं लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलं असं तिला वाटतच नव्हतं. तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, देवीचं कवच गळालं की चिमूटभर मधात उगाळून पोराला द्यायचं. पहाटे द्यायचं आणि मुक्यानं द्यायचं. देताना बोललं किंवा दिल्याचं कुणाला सांगितलं की गुण जातो. म्हणून घरात कुणाला माहीत नव्हतं. पूर्वी वर्षा-दोन वर्षांत कधी नखाएवढी खपली गळायची. या वेळी प्राध्यापकांच्या कृपेनं मडकंभर मिळाली. देवी घरी आली, आता पोर वाघासारखं होईल म्हणून तिनं रोज सुरू केलं. पोर आजारी पडलं तशी मात्रा वाढवली.

"इख असतं तर तुजा भाव जगला असता? तुला पन दिलंय मी," ती म्हणाली. "तुज्या नळीला काय कलतंय गं?"

मी मडकं फेकायला निघाले. तिनं ते माझ्या हातातून हिसकावलं, आत हात घातला आणि एक खपली तोंडात टाकून कचाकचा चावली. ओठ तांबडे करून माझ्याकडं बघत उभी राहिली. "इख हाय ना? मर्ते का बग आता."

मधे एकदा प्राध्यापक येऊन गेले. मी त्यांना झालं ते सांगितलं. जुन्या सांगाड्यांच्या हाडांतसुद्धा शिसं सापडतं, ते कुठून आलं असेल याचा चांगला धागा मिळाला, असं ते म्हणाले आणि भाच्याचा एक्सरे मिळेल का विचारलं. मी त्यांना चहा न देता घालवलं.

पोर घरी आलं. पोटाचं दुखणं गेलं होतं, अंगावर थोडा रंग होता. मात्र तो बोलत नव्हता. मी आत्ता-आत्ता करून टाळ्या वाजवल्या तर तो भिंतीकडं बघायचा. वहिनीला मी नळीचं सगळं सांगितलं होतं. तिला हसू येईल, रडू येईल, ती आईच्या अंगावर जाईल, असं मला वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला सहाणेचा आवाज आला. वहिनी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून बसली होती आणि मधात काहीतरी उगाळत होती. चमचा भरून तिनं तो दोन्ही हातांनी आईपुढं धरला. "आये, घ्या," एवढंच म्हणाली. आईनं तिच्या डोळ्यांत बघत चमचा चाटून साफ केला. दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे मी मडकं उचललं तर वहिनीनं माझं मनगट धरलं, आणि दुसऱ्या बाजूनं आईनं धरलं. वहिनी लग्न होऊन आल्यापासून त्या दोघी प्रथमच एका बाजूला होत्या. मी ओरडले, शिव्या दिल्या, भावाला उठवलं. भाऊ उधारीवर आणलेलं नवं जाळं घेऊन खाडीवर निघून गेला.

आठवडे गेले. आईचं जेवण तुटलं. तोंडाला चव नाही म्हणायची. बाजारात बसल्या बसल्या पोटावर हात दाबून धरायची, कुणी बघितलं की हात काढायची. मासळीची पाटी डोक्यावर घेताना तिला टेकू लागायला लागला. तिच्या हिरडीवर मी रेघ बघितली आणि तिला सांगितली. "तुजे डोले फुटले," ती म्हणाली. वहिनी रोज पहाटे उठत होती. तिच्या हाताला घाई नसायची, सासूला औषध देणारी गुणी सून दिसायची ती. मला दोघींचीही भीती वाटायला लागली होती.

मग एका पहाटे वहिनीनं चमचा धरला आणि आईनं तोंड उघडलं नाही.

"आये, घ्या."

आईनं मान फिरवली. ओठ घट्ट मिटलेले.

"का, आये?" वहिनी तसाच चमचा धरून उभी होती. "देवीचं हाय ना?"

माझी आई, जी कुणापुढं कधी नमली नाही, ती भिंतीकडं तोंड करून बारीक आवाजात म्हणाली, "पोटात कल येते गं."

"त्याला पन येत व्हती," वहिनी म्हणाली. "त्याला सांगता येत नव्हतं."

तिनं चमचा खाली ठेवला, मडकं कमरेवर घेतलं आणि ते भरतीच्या पाण्यात रिकामं करून आली. वहिनीला माहेरी धाडायची भाषा बंद झाली. घराच्या किल्ल्या न मागता तिच्याकडं आल्या. आई पुढं पुष्कळ वर्षं जगली, पण नातवाला तिनं हात लावला नाही.

नातवाला मात्र यातलं काही कळत नव्हतं. शब्द गेले होते, त्या मधाची गोडी तेवढी डोक्यात राहिली होती. शाळेत जायच्या वयाचा झाला, शाळेनं घेतला नाही, तरी रोज पहाटे तो उठायचा, सरकत सरकत आजीच्या पुढ्यात येऊन बसायचा आणि आ करायचा. आई हात पदराखाली घालून दाराकडं बघत राहायची. वहिनी चुलीपाशी असायची. ती त्याला उचलून न्यायची नाही. बसू द्यायची.